एक वात, पाच वाती

रुंद तोंडाच्या वाटीत घरी मेणबत्ती ओतायची, तर मधोमध एकच वात सोडावी की तीन-चार, हा प्रश्न दिवाळीच्या तोंडावर मेण वितळवणाऱ्या प्रत्येकाला पडतो. हा प्रश्न मेणबत्तीसोबत आला असं वाटतं. पण मराठी मुलखात तो मेणबत्तीच्या कितीतरी आधीपासून तेलावर आणि तुपावर सोडवला जात होता. त्या इतिहासाकडे पाहायला खटाव तालुक्यातलं औंध हे फार चांगलं ठिकाण आहे. डोंगरावर यमाईचं मूळपीठ, खाली गावातल्या देवळापुढे उंच दगडी दीपमाळ, घरोघरच्या देवघरांत समया आणि निरांजनं हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की, 1909 साली गादीवर आलेल्या भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ज्या उद्योजकांना पाठबळ दिलं, त्यांत किर्लोस्करांबरोबर ओगलेही होते, आणि ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे महाराष्ट्राच्या घराघरांत लागला. पणती आणि कंदील, दोन्ही टोकं इथे जवळजवळ सापडतात. हा सगळा पसारा पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की वातींची संख्या ही आधी इंधनाची आणि हवेची बाब होती, भक्तीची आणि शोभेची नंतर. एक वात वेळ पुरवण्यासाठी आणि अनेक वाती उजेड वाढवण्यासाठी, हा हिशेब लोकांनी हातांनी करून पाहिला आणि मग तो रिवाजात नेऊन ठेवला.

हिशेब समजून घ्यायचा तर वातीपासून सुरुवात करावी लागते. वात, बत्ती हे दोन्ही शब्द संस्कृत ‘वर्ति’पासून आलेले, आणि त्याच्या मुळाशी वळण्याचा अर्थ आहे. मराठीत आजही वात ‘वळतात’. परसातल्या देवकापसाची सरकी काढायची, कापूस पिंजून हलका करायचा, बोटांना दुधाचा किंवा राखेचा हात लावायचा आणि तळहातावर वळायचा. वळ फार घट्ट बसला तर तेल चढत नाही, सैल राहिला तर वात भसाभस जळते. तेल वर चढतं ते कापसाच्या तंतूंमधल्या बारीक फटींतून, आणि करडईचं, शेंगदाण्याचं किंवा एरंडाचं तेल घट्ट असल्यामुळे ते फार वर चढूच शकत नाही. रॉकेलच्या मानाने खाद्यतेलाचा घट्टपणा तीसेक पट तरी जास्त असतो. म्हणून पणती काठोकाठ भरावी लागते, आणि तेल बोटभर खाली गेलं की ज्योत बारीक होते. मग उजेड वाढवायला वातच जाड का करू नये? उत्तर साध्या भूमितीत आहे. वातीची जाडी दुप्पट केली की तिचा छेद चौपट होतो, म्हणजे जळायला तयार असलेलं तेल साधारण चौपट. पण हवेला भिडणारा घेर मात्र फक्त दुप्पट होतो. आतल्या तेलाला हवा मिळत नाही, ज्योत लांबट आणि तांबडी होते, काजळी धरते, भिंत काळी पडते. तेवढ्याच कापसाच्या चार बारीक वाती वेगवेगळ्या लावल्या तर त्यांचा एकूण घेर त्या एका जाड वातीच्या दुप्पट भरतो. उजेड स्वच्छ मिळतो आणि धूर कमी. गणित न मांडताही हे प्रत्येक सुगरणीला ठाऊक होतं, कारण काजळी पुसायची ती तिनेच.

समई हा या ज्ञानाचा सगळ्यांत पक्का पुरावा आहे. तिच्या पसरट तबकाच्या काठाला पाच किंवा सात चोची असतात, आणि प्रत्येक चोचीत एकेक वात टेकते. पण रोज दिवेलागणीला त्या सगळ्या चोची पेटत नसत. रोज एकच वात, सणाला किंवा लग्नाकार्याला पाच. म्हणजे समई हा कमीजास्त करता येणारा दिवा होता, आणि हे कमीजास्त करणं वातींच्या संख्येने होत असे. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा माण-खटावचा टापू कमी पावसाचा. रब्बीत ज्वारीच्या कडेने करडई घ्यायची, ती तेल्याच्या घाण्यावर न्यायची आणि आलेलं तेल वर्षभर पुरवायचं, अशा घरात फोडणीचं तेल आणि दिव्याचं तेल एकमेकांच्या वाट्यातूनच निघत असे. पाच वाती म्हणजे पाचपट तेल, हा रोजचा खर्च कुणाला परवडणार? त्यामुळे एकच भांडं दोन प्रकारच्या संध्याकाळींसाठी घडवलं गेलं. आणखी एक बारकावा इथे पाहण्यासारखा आहे. एकच वात काठावर टेकवली की तिचा उजेड मुख्यतः एका बाजूला पडतो आणि मागच्या बाजूला तबकाची सावली येते. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण निरीक्षणातून आलेली आहे. म्हणूनच एका वातीच्या दिव्याला तोंड असतं, आणि ज्योत दक्षिणेकडे करू नये असा दंडक त्या तोंडाला लागू पडतो. पाची चोची पेटवल्या की समईला तोंड उरतच नाही, ती चहूकडे उजेड देते आणि दिशेचा दंडक तिथे आपोआप गप्प बसतो. कीर्तनाला, पोथीला, लग्नाच्या बोहल्याला अशी समई लागते, कारण तिथे माणसं चहूबाजूंनी बसलेली असतात, आणि एक ज्योत वाऱ्याने लवली तरी बाकीच्या चार उजेड धरून ठेवतात. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः कीर्तनकार होते. समोर बसलेल्यांना कीर्तनकाराचा चेहरा आणि हातवारे दिसायला हवेत, या गरजेपुढे एका वातीचा दिवा कमीच पडतो.

उलट जिथे उजेडापेक्षा टिकण्याला किंमत आहे तिथे रिवाज एका वातीवर ठाम आहे. नवरात्रातला नंदादीप नऊ दिवस अखंड ठेवायचा असतो. तिथे कुणी पाच वाती लावून तेल उडवत नाही. एक लांब वात, भरपूर तेल, अधूनमधून काजळी झाडून वात पुढे सारणं, आणि जुनी संपत आली की तिच्यावरच नवी लावून घेणं. देवीच्या मुलखात, यमाईच्या पायथ्याशी, ज्या सणाला भक्तीची पराकाष्ठा असते त्याच सणाचा मुख्य दिवा एका वातीचा आहे. वातींची संख्या निव्वळ भक्तीने ठरत असती तर इथे ती सर्वांत जास्त असायला हवी होती.

यावर कुणी म्हणेल की जाड वात वापरातच नव्हती असं नाही. दिवटी आहे, पोत आहे, काकडा आहे. हा आक्षेप महत्त्वाचा आहे, पण तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. खंडोबाच्या दिवटीसोबत बुधली का असते? कारण चिंध्यांची ती जाड वात स्वतःच्या ताकदीने तेल वर ओढू शकत नाही. माणसाला बुधलीतून तिच्यावर तेल ओतत राहावं लागतं. मशालीच्या सोबत चालणाऱ्या दिवट्याचं कामही तेच. म्हणजे जाड वात पेटती ठेवायची तर तिच्यासाठी एक माणूस राबता ठेवावा लागतो, आणि तिचा धूर सोसायचा तर डोक्यावर उघडं आकाश लागतं. मिरवणूक, पालखी, रात्रीची चाल इथे ती शोभते, देवघरात नाही. काकडा आणि त्रिपुरी पौर्णिमेची त्रिपुरवात यांचीही गोष्ट वेगळी नाही. साडेसातशे वातींची ती जुडी आधीच तुपात भिजवलेली असते, ती भांड्यातून काही ओढत नाही, अंगचं तूप जाळून थोड्या वेळात विझते. ती दिवा नव्हे, ती आहुती आहे.

आता दीपमाळ. औंधची दीपमाळ दिवसा नुसता दगडी खांब दिसते, अंगावर हात फुटल्यासारखे टप्पे बाहेर आलेले. जत्रेच्या किंवा त्रिपुरीच्या रात्री त्या प्रत्येक हातावर पणती येते, आणि प्रत्येक पणतीत एकच वात. शेकडो ज्योती, पण एकाही भांड्यात दोन नाहीत. नुसता दुरून दिसणारा जाळच हवा असता तर माथ्यावर एक मोठा हिलाल पेटवणं किती सोपं होतं. एक माणूस चढला असता, एकदाच तेल ओतलं असतं. तसं न करता प्रत्येक हातापाशी चढून जाऊन पणती ठेवण्याचा खटाटोप मराठेशाहीतल्या गवंड्यांनी आणि गुरवांनी पत्करला, कारण बारीक ज्योती धूर करत नाहीत, वाऱ्याने दहा विझल्या तरी माळ तुटलेली दिसत नाही, आणि अंधारात उभ्या खांबाचा आकार स्पष्ट उमटतो. हिलालाने फक्त उजेड दिसला असता. पणत्यांनी दीपमाळ दिसते. इथे शोभा आहे हे मी नाकारत नाही. ती शोभा एका वातीच्या स्वच्छ जळण्यावर उभी आहे, एवढंच माझं म्हणणं.

सर्वांत जोरदार आक्षेप आकड्यांचा आहे. पाच वाती म्हणजे पंचप्राण किंवा पंचमहाभूतं, लक्ष वातींचं व्रत म्हणजे लाखाचा संकल्प. यात तेलाचा हिशेब कुठे बसतो? प्रामाणिकपणे सांगायचं तर बसत नाही. पाचच का आणि सहा का नाही, हे काजळीवरून ठरत नाही, आणि लाखाचा आकडा कोणत्याही घाण्यातून निघत नाही. आकडा श्रद्धेने दिला हे मान्य. पण श्रद्धेने आकडा दिल्यावर त्या पाच ज्योती मांडायच्या कशा, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर पंचारतीच्या घडणीत आहे. पाच फुलवाती एका मोठ्या वाटीत ठेवता आल्या असत्या. तसं न करता कासाराने पाच छोट्या वाट्या वेगळ्या काढल्या. ते का, हे कळायला तुपाकडे पाहावं लागतं. साताऱ्याकडच्या मार्गशीर्ष-पौषातल्या थंडीत निरांजनातलं तूप थिजून पांढरं होतं. त्या थिजलेल्या तुपात फुलवात मधोमध उभी करतात. तिचं खालचं बूड फुलाच्या पाकळ्यांसारखं पसरलेलं, वरचं टोक वळून बारीक केलेलं. ती पेटली की आधी आपल्या भोवतीचं तूप वितळवते, मग तेच पिऊन जळते. नीट पाहिलं तर हे निरांजन म्हणजे मराठी देवघरातली मेणबत्तीच आहे: घट्ट इंधन, उभी वात, आणि ज्योतीच्या उष्णतेने तयार होणारं तळं. आणि निरांजनाची वाटी इतकी लहान का, याचंही कारण इथे सापडतं. एक फुलवात जेवढं तूप वितळवू शकते तेवढीच वाटी. मोठ्या पसरट वाटीत एकच फुलवात ठेवली तर मधे खड्डा पडेल आणि काठाचं तूप तसंच थिजलेलं राहील. पाच ज्योती हव्यात तर पाच वाट्या, हा निर्णय श्रद्धेचा नव्हे, कारागिराचा आहे.

पुढे रॉकेल आलं आणि हा सगळा हिशेब बदलला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेलं हे ‘घासलेट’ पातळ होतं. ते वातीतून वीतभर वर चढत असे. तेल खाली गेलं की ज्योत मंदावण्याची जुनी अडचण गेली, आणि वाती वाढवण्याऐवजी वात रुंद करण्याचा मार्ग खुला झाला. चपटी पट्टीवात म्हणजे एक प्रकारे एका ओळीत उभ्या केलेल्या अनेक बारीक वाती. कापूस तेवढाच, पण हवेला भिडणारी कड लांब. युरोपात हा विचार आधी वेगळ्या तेलांवर झाला होता. 1780 च्या सुमारास एमे आर्गांने चपटी वात गोल वळवून तिच्या पोकळीतून आतल्या बाजूनेही हवा खेळवली, वर काचेची नळी ठेवली आणि दिव्याचा उजेड कितीतरी पटींनी वाढवला. त्याच काळातलं बेंजामिन फ्रँकलिनचं एक निरीक्षण मात्र माझ्या मांडणीला अडचणीचं आहे: दोन ज्योती जवळ आणून एकत्र केल्या तर त्या दूर ठेवलेल्या दोन ज्योतींपेक्षा जास्त उजेड देतात. मग वाती वेगळ्या ठेवण्याचा एवढा आग्रह कशाला? कारण जवळ आलेल्या ज्योती एकमेकींना तापवतात आणि त्या उष्णतेने काजळीचे कण अधिक झळाळून जळतात, पण हा फायदा हवा पुरेशी मिळते तोवरच टिकतो. बर्मिंगहॅमच्या हिंक्सनी 1865 साली दोन समांतर पट्टीवातींचा दिवा काढला तेव्हा त्यावर हवा ओढणारी काचेची चिमणी होती. उघड्या समईत काच नाही. तिथे दोन वाती एका चोचीत कशाबशा जळतात, तिसरी आली की धूर सुरू. फ्रँकलिनचं म्हणणं खरं आहे, पण ते काचेच्या घरात खरं आहे.

आणि काचेचं घर औंधच्या वर्तुळात आलं ते ओगल्यांमुळे. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी संस्थानातल्या कुंडलच्या माळावर नांगराचा कारखाना उभारला, त्यानंतर काही वर्षांत, पहिल्या महायुद्धाने परदेशी काच महाग आणि दुर्मिळ झालेली असताना, 1916 साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काच कारखाना सुरू केला. ती वस्ती ओगलेवाडी झाली. कंदिलाला नाव मिळालं त्यांच्या वडिलांचं, प्रभाकर, म्हणजे योगायोगाने सूर्याचंही. हा कंदील वातींच्या इतिहासात कुठे बसतो ते त्याच्या दोन बाजूंच्या नळ्या पाहिल्या की समजतं. त्या नुसत्या सांगाड्याच्या दांड्या नाहीत. त्या पोकळ आहेत आणि वरून हवा खाली वातीपाशी आणून पोचवतात. ज्योतीला हवा कमी पडू नये म्हणून समईने पाच चोची काढल्या, कंदिलाने दोन नळ्या काढल्या. उजेड कमीजास्त करायचा तर आता वाती मोजायच्या नव्हत्या, किल्ली फिरवून पट्टी वरखाली करायची होती. मात्र हातांना काम उरलंच: रोज संध्याकाळी राखेने काच पुसायची, आणि पट्टीचे दोन्ही कोपरे कात्रीने किंचित उतरते कापायचे, नाहीतर ज्योतीला दोन शिंगं फुटतात आणि काच काळी पडते. वात एकच उरली, म्हणून तिला अधिक जपावं लागलं. विदेशी डीट्झ कंदिलाच्या जोडीला हा देशी कंदील गोठ्यात, शेतावर, मास्तरांच्या टेबलावर लागला, आणि अनेक वातींची समई फक्त देवापुढे उरली. इथूनच तो गैरसमज सुरू झाला असावा की अनेक वाती हा मुळातच पूजेचा विधी आहे. व्यवहारातला उजेड कंदिलाकडे गेल्यावर समईचा व्यवहारी अर्थ विसरला गेला.

तरी तो पूर्ण विसरला गेला नाही, कारण स्वयंपाकघराला उजेड नव्हे तर धग हवी होती. वातींचा स्टोव्ह कोणत्या मराठी घरात नव्हता? तवलीएवढ्या घेरात वर्तुळात उभ्या केलेल्या आठ-दहा गोल वाती, भोवती छिद्रांची पत्र्याची नळी, आणि निळी ज्योत. आर्गांचं वर्तुळ आणि समईच्या वेगळ्या वाती, दोन्ही त्यात एकत्र येतात. एखादी वात आखूड झाली की त्या बाजूची ज्योत पिवळी पडते आणि पातेल्याचं बूड तेवढंच काळं होतं. घरातल्या बाईला वाकून न बघताही कळे की कोणती वात बदलायची. बाहेर मात्र मिरवणुकीतल्या दिवट्यांची जागा गॅसबत्तीने घेतली, जिच्यात उजेड देते ती पेटती वात नव्हे, तापून पांढरी झालेली जाळी.

घरगुती मेणबत्ती ओतणाऱ्याने या सगळ्यातून नेमकं काय घ्यावं? समईची नक्कल सरळ करता येत नाही, हे आधी लक्षात घ्यावं लागतं. मेण हे थिजलेल्या तुपाच्या जातीचं आहे, तेलाच्या नव्हे. भांडं अरुंद असेल तर एक वात पुरते, आणि ती एका बाजूला वाकून आपलं जळकं टोक आपणच ज्योतीत घालून संपवते. 1825 साली कांबासेरेसने काढलेल्या वेणीसारख्या विणलेल्या वातीची ही करामत आहे, तिच्याआधी मेणबत्तीचा गूल कात्रीने सतत कापावा लागे. भांडं रुंद असेल आणि त्यात एकच वात असेल, तर ती मधोमध विहीर खणत खाली जाते आणि काठाचं मेण वाया जातं. तिथे जाड वात घालणं हा चुकीचा उपाय, कारण मग दिवटीसारखा धूर होतो. तीन बारीक वाती हा योग्य उपाय, पण त्यांची जागा समईच्या वातींची नव्हे. समईत वात काठाच्या चोचीवर काढून ठेवतात, कारण तेल आधीच पातळ आहे आणि ज्योत भांड्यापासून दूर असलेलीच बरी. मेणबत्तीत ती आत घ्यावी लागते, काठ आणि मध्य यांच्या साधारण निम्म्यावर, म्हणजे तिन्ही तळी वितळत वितळत एकमेकांना मिळतील, काठापर्यंत पोचतील, आणि काच मात्र एका जागी तापून तडकणार नाही. पंचारतीच्या वाट्या वेगळ्या काढणाऱ्या कासाराने तुपासाठी जे अंतर राखलं होतं, तेच इथे एका भांड्याच्या आत मोजून ठेवायचं असतं.